मांडी घालून बसलेली गाडी

आमच्या दादाला कोणी नवी गाडी दाखवायला आणली, तर त्या माणसाला बराच वेळ दादाचं तोंड दिसत नसे. दादा आधी खाली वाकायचा. रंग, काचा, आतल्या गाद्या हे सगळं त्याच्या लेखी नंतरचं. चाक आणि त्याच्या वरचा पत्रा यांच्या मधल्या पोकळीत तो हाताची बोटं आडवी घालून बघायचा आणि तिथूनच निकाल द्यायचा, "चार बोटं. लई उंच हाय." मला बघायला आलेल्या पाहुण्यांच्या गाडीलाही त्याने सोडलं नव्हतं. अर्धापुरात त्याचं खरं नाव फक्त कागदोपत्री उरलं होतं. बाकी सगळं गाव त्याला चारबोटे म्हणायचं, आणि तोही खुशाल ओ द्यायचा.

"गाडीनं कसं, पंगतीला मांडी घालून बसल्यावानी दिसावं," हे त्याचं ठरलेलं वाक्य. "आजकालच्या गाड्या बघ, आत्ता उठून जाते म्हणल्यावानी उभ्या हायत." त्याची स्वतःची गाडी लाल, छोटी, चार दारांची. दोन मालकांनी वापरून झाल्यावर ती आमच्या दारात आली होती, आणि तीही दादाच्या मते उभीच होती. ती खाली बसवणं हे त्याचं एकुलतं एक स्वप्न. घरी केळी होती, पण केळीचा पैसा हातात यायच्या आधीच त्याच्या वाटा ठरलेल्या असत: ठिबकच्या नळ्या, खत, माझं लग्न. गाडी बुटकी करायच्या तयार स्प्रिंगा पुण्याहून मागवाव्या लागतात असं कळल्यावर त्याने फोन केला. भाव ऐकला आणि "बरं, घरी विचारून सांगतो" म्हणून ठेवून दिला. घरी कोणाला विचारणार होता, देव जाणे.

मग त्याने गरिबाचा मार्ग धरला. असलेल्याच स्प्रिंगा कापायच्या. नांदेडला ट्रकखालचे स्प्रिंगचे पाटे बसवणारे एक चाचा त्याच्या ओळखीचे होते. मी त्या दिवशी लग्नाच्या साड्या घ्यायला त्याच्यासोबत गेले होते, त्यामुळे तो सोहळा मला साड्यांची पिशवी मांडीवर घेऊन, एका जुन्या टायरवर बसून बघावा लागला. चाचांनी आधी कपाळाला हात लावला. "मियाँ, लोगां गाडी उंची कराने आते, तुम नीची कराने आए?" दादा हटला नाही. शेवटी चाचा म्हणाले, "आधा-आधा वेढा काटता मैं. कटे सो जुडता नै." अर्धा वेढा कापायचा, चाक चढवायचं, दादाने वाकून बोटं घालायची, पुन्हा चाक उतरवायचं. दुपार अशीच गेली. दोन बोटांवर गाडी आली तेव्हा दादा रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला आणि नुसता बघत राहिला. गाडी खरंच मांडी घालून बसली होती. मी त्याला चिडवायला तोंड उघडलं होतं, पण त्याचा चेहरा बघून मिटलं.

चूक दुसऱ्या दिवशी कळली. आई, आबा, आत्या आणि मी अशी सगळी देवाला निघालो आणि पहिल्याच वळणावर मागची चाकं पत्र्याला घासून खर्रर्र वाजली. दादाने माप रिकाम्या गाडीचं घेतलं होतं! केळीचे ट्रक भरून देणं हे ज्याचं रोजचं काम, घड चढतील तसे पाटे दबत जाताना जो रोज बघतो, त्याला हे सुचू नये? आबांनी नेमकं हेच विचारलं. दादा दुखावला. "ट्रकात माल असतो, आबा. माणसं काय माल हाय का, त्यांचं वजन धरायला?" त्या दिवसापासून आमच्या घरचा नियम झाला. स्पीडब्रेकर आला की दादा गाडी थांबवून "उतरा!" म्हणायचा, आम्ही उतरून चालत पुढे जायचो, तो गाडी तिरकी करून एकेक चाक अलगद पलीकडे उतरवायचा आणि मग आम्ही पुन्हा बसायचो. गावातली माणसं हसायची. आम्हाला सवय झाली.

आणि ह्याच गाडीतून मला सासरी जायचं होतं. लहानपणी केळीच्या ट्रॅक्टरवर बसून मी एकदा त्याला म्हटलं होतं, "मी तुझ्याच गाडीत सासरी जाणार," आणि त्याने ते मनावर घेतलं होतं. पाठवणीच्या वेळी माझ्या सासरच्या उदगीरकरांनी फुलांनी सजवलेली उंच पांढरी जीप आणून उभी केली. आबांचं मन तिच्याकडे झुकलं. नवऱ्या मुलाच्या मामांनी आमची लाल गाडी वरून खाली न्याहाळली आणि विचारलं, "ही उदगीरला पोचंल का?"

"पोचंल," दादा एवढंच म्हणाला.

पोचली नसती तर भर वरातीत त्याची मान खाली गेली असती आणि माझ्या सासरचा पहिला दिवस लोकांच्या हसण्यात गेला असता. हे त्यालाही कळत होतं, मलाही. मी गुपचूप लाल गाडीत जाऊन बसले.

पुढे दादा आणि पाठराखीण म्हणून आलेली आत्या, मागे आम्ही दोघं. नांदेड, कंधार, जळकोट, मग उदगीर. वाटेत किती गावं आणि गावागणिक किती ब्रेकर, ते मला त्या दिवशी समजलं. पहिल्या ब्रेकरला दादा खालच्या आवाजात म्हणाला, "पाव्हणे, जरा उतरता का?" आत्याने सांगून टाकलं, "म्या न्हाई उतरत. माझे गुडघे दुखतेत." मग आम्ही दोघंच उतरलो. शालू, मुंडावळ्या, फेटा, सगळ्या थाटात नवरानवरी डांबरी रस्त्यावरून चालत निघाले. पारावरच्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "गाडी बंद पडली का रे?" दादा खिडकीतून म्हणाला, "न्हाई न्हाई, नवरीला गाव दाखवून राहिलो."

खरं सांगायचं तर तोवर आम्ही दोघं एकमेकांशी धड बोललो नव्हतो. प्रत्येक वेळी भोवती मोठी माणसं. पहिल्या काही ब्रेकरना आम्ही मुकाट चाललो. कंधारच्या अलीकडे आमचे हे म्हणाले, "तुमचा भाऊ गाडीला लई जीव लावतो." मी म्हटलं, "तो सगळ्यालाच लावतो." मग पुढच्या ब्रेकरला आल्याच्या चहाचा विषय निघाला, त्याच्या पुढच्याला मी नोकरी करू का हे विचारून घेतलं, आणि जळकोटला मला कळलं की जीपवाल्या मामांना हेसुद्धा घाबरतात. नंतर नंतर तर ब्रेकर कधी येतो याची आम्ही वाट बघायला लागलो.

उदगीरला पोचायला दिवे लागले. जीप कधीची पोचली होती. सासरच्या गल्लीच्या तोंडाशी नालीवर सिमेंटचा उंच ढापा घातलेला होता, आणि तिथे आमची गाडी मात्र अडलीच. ना तिरकी जमे, ना सरळ. दारात मामा उभे होते, शेजारपाजार जमला होता. शेवटी आत्यासुद्धा उतरली आणि आम्ही चालत दाराशी गेलो. मामा काही बोलणार तेवढ्यात सासूबाई पुढे झाल्या. "बरं झालं, माझी सून आपल्या पायानं चालत आली," म्हणाल्या आणि भाकरतुकडा ओवाळला. त्या घटकेला मी सासूबाईंची झाले ती आजतागायत.

दादा निघताना मी गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. चाकाशी वाकला आणि बोटं घालून बघायला लागला. गाडी रिकामी होती, बघण्यासारखं काही नव्हतं, तरी तो कितीतरी वेळ उठला नाही. मीही त्याला उठवलं नाही.

पुढे बाळंतपणासाठी तो मला न्यायला आला. मी ओट्यावर बसून गाडी ढाप्याला घासल्याच्या आवाजाची वाट बघत होते, पण आवाज न होता गाडी थेट दारात आली. मला शंका आली. पोट सांभाळत मी वाकले आणि चाकावर बोटं घातली. चार बसली.

"दादा, हे काय?"

"भंगारात दुसऱ्या स्प्रिंगा भेटल्या. टाकल्या," तो दुसरीकडे बघत म्हणाला. "आता तुला ब्रेकरागणिक उतरवत नेऊ का?"

अर्धापूरपर्यंत मी एकदाही उतरले नाही. त्याची लाडकी गाडी सगळी वाट उभ्याने चालली आणि मी आत बसून रडत राहिले. त्याला वाटलं, मला त्रास होतोय, म्हणून तो आणखी हळू चालवायला लागला. कंधार मागे गेल्यावर मी विचारलं, "कापलेल्या स्प्रिंगा फेकल्यास का?"

"फेकीन कशाला? पोत्यात बांधून ठेवल्यात. लेकरू चालाया लागू दे, मग बघू."

लेकरू म्हणजे माझी मुलगी, आता चालते काय, पळते. गेल्या पंचमीला तिचा मामा, म्हणजे दादा, आम्हाला माहेरी न्यायला येणार म्हणून ती सकाळपासून दारात होती. गाडी गल्लीच्या तोंडाशी, ढाप्याच्या अलीकडेच थांबली, तेव्हाच मी समजले. पोरगी धावत गेली आणि मामाला भेटायच्या आधी चाकाशी वाकली. दादाने माझ्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत एवढं समाधान मी नांदेडच्या त्या दुपारनंतर पहिल्यांदाच बघत होते.

उदगीर सोडल्यावर पहिला ब्रेकर आला. दादाने "उतरा!" म्हणायच्या आत पोरीने दार उघडलं होतं. आम्ही दोघी हात धरून चालत पुढे जाऊन उभ्या राहिलो. दादाने गाडी तिरकी केली, एकेक चाक अलगद उतरवलं आणि आमच्या पुढ्यात आणून थांबवली. ती मांडी घालून आमची वाट बघत बसली होती.