चार बोटं जास्त

गुरुपादप्पा शेटजींची कापडाची दुकानं चार गावांत होती: लातूर, औसा, उदगीर आणि नांदेड. लातूरच्या दुकानात रामकिशन एकोणीस वर्षं हातात कापड मोजायचा गज घेऊन उभा होता. उभा म्हणजे उभाच. दुकान उघडं असेपर्यंत नोकरानं बूड टेकायचं नाही, असा शेटजींचा दंडक. पायाच्या शिरा टरारून वर आल्या होत्या. पण हात असा बसला होता की, मलमल गजाला लावता लावता तो ती बेतानं ताणायचा आणि गिऱ्हाइकाला कापड कमी भरल्याचं घरी गेल्यावरच कळायचं. हे पाप शेटजींनीच शिकवलेलं. रामकिशनला ते पटत नसे, पण त्याला विचारतो कोण?

पुढं लढाई सुरू झाली आणि कापड मिळेनासं झालं. नांदेडच्या दुकानातला एक नोकर म्हणे डोक्याला आखूड पटका बांधून आला आणि लांब बांधून गेला. चोरी केली त्या एकानं आणि झडती लागली सगळ्यांना. प्रत्येक नोकरानं सकाळी दारातच पटका उतरवून मोजून द्यायचा, सांजच्याला पुन्हा मोजून द्यायचा, असा हुकूम सुटला. लातूरचा मुनीम मार्तंडराव टोपी घालायचा, म्हणून तो त्यातून सुटला.

रामकिशनच्या गावात माणूस उघड्या डोक्यानं चारचौघांत दिसला, तर घरात मयत झालं असंच समजत. बाप गेला तेव्हा तो तसा चालला होता. आता रोज दोनदा, तेही गिऱ्हाइकांच्या देखत. त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण धाकटा भाऊ भुजंग नांदेडच्या दुकानात होता. इथं एकानं तोंड उघडलं की तिथं दुसऱ्याला नारळ मिळणार, हे सांगायला कुणी लागत नव्हतं. म्हणून तो पटका उतरवून देत राहिला.

एका बाजाराच्या दिवशी सांजच्याला दुकान भरलेलं असताना मुनीमानं त्याचा पटका मोजला आणि मोठ्यानं म्हणाला, "चार बोटं जास्त भरतोय."

रामकिशनला एका नजरेत कळलं. सकाळी पटका सैल धरला होता, आता ताणून धरला होता. मुनीमाला शेटजींपुढं एक तरी चोर उभा करायचा होता, दुसरं काय.

"मुनीमजी, तुमी वढून मोजलाव," तो म्हणाला.

मार्तंडराव जवळ सरकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "सांग की गिऱ्हाइकांना, इथं वढून मोजतेत म्हणून. गज एकोणीस वर्षं तुझ्याच हातात हाय."

पटका दुकानात जमा झाला. रामकिशनला मात्र कामावरून काढलं नाही. असा तयार हात शेटजी कशाला सोडतील?

गाव दोन कोसांवर. दिवेलागणीला म्हातारी धोंडाबाई दारात बसली होती. रस्त्यानं लेक बोडक्या डोक्यानं येताना दिसला आणि तिनं हंबरडा फोडला, "माझा भुजंग गेला गं!" शेजारच्या बाया धावत आल्या. कुणी तिला धरलं, कुणी आपणही गळा काढला.

"माय, कुणी न्हाई गेलं," रामकिशन तिचे हात धरून सांगू लागला. "भुजंग चांगला हाय."

"मग डोस्कं उघडं कशानं?"

त्यानं खरं ते सांगितलं. बाया खाली मान घालून आपापल्या घरी गेल्या.

घरात दुसरा पटका नव्हता, म्हणून दुसऱ्या दिवशी रामकिशन बोडकाच कामावर गेला. मोजायला काही नव्हतं, म्हणून दारात कुणी अडवलंही नाही. ही युक्ती मुनीमाच्या मनात भरली आणि महिन्याच्या आत चारी दुकानांना नवा हुकूम गेला: नोकरांनी उघड्या डोक्यानंच यावं.

दिवाळीला भुजंग नांदेडहून आला. धोंडाबाईनं त्याला लांबूनच पाहिलं. डोकं बोडकं होतं. ती रडली नाही, उठलीही नाही. "आला व्हय," एवढंच म्हणाली आणि पुढ्यातली डाळ निवडत राहिली.