हावमामा आणि निनावी अर्ज

मुदखेडच्या आमच्या शाळेतले कारकून कुठल्याही प्रश्नाला "हाव", म्हणजे हो, म्हणायचे. मामा, पगारबिल गेलं का? हाव. मामा, चहा घेणार का? हाव. मामा, डोकं ठिकाणावर आहे का? हाव. म्हणून ते हावमामा. कानाचं यंत्र होतं, पण शाळेच्या गोंगाटात ते नुसतं कलकल करायचं, त्यामुळं बहुतेक वेळ खिशातच असायचं. कागदावर मामा दिव्यांग होते, आमच्या तोंडी बहिरे. दिव्यांगांच्या राखीव जागेवर त्यांना नोकरी लागली होती, आणि आम्हा मास्तरांचं दुखणं नेमकं तिथंच होतं. "मतलबाचं बरं ऐकू येतं यांना," असं आम्ही पाठीमागं म्हणायचो, कधी तोंडावरही.

समोरच्याच्या ओठांवरून ते बोलणं ओळखायचे, आणि माणसाचा चेहरा तर त्यांना लगेच कळायचा. सकाळी सही करायला गेलो की वर बघून म्हणायचे, "सर, घरी कायतरी बिनसलं दिसतंय." बिनसलेलं असायचंच. त्याचं कौतुक वाटायचं सोडून मला शंका यायची, बहिऱ्याला एवढं कळतं कसं? माझा स्वभावच तसा. दूधवाल्याचं मापसुद्धा मी दोनदा बघतो.

मध्यंतरी पेपरात बोगस दिव्यांग प्रमाणपत्रांच्या बातम्या सुरू झाल्या आणि मला राहवेना. मधल्या सुट्टीत मामा पाठमोरे बसून रजिस्टर लिहीत होते. मी मागं उभा राहून हळूच म्हणालो, "मामा, साप!" मामा झटकन वळले. सगळे हसले. मामाही हसले. त्याच आठवड्यात मी डाव्या हातानं निनावी अर्ज लिहून वरच्या कार्यालयात धाडला. माझ्या पुतण्याला कुठं नोकरी लागत नव्हती, तो रागही त्या अर्जात उतरला होता.

मामांना लातूरला फेरतपासणीचं पत्र आलं. बोगस ठरले असते तर निवृत्तीच्या तोंडावर नोकरी गेली असती. ते सरळ माझ्याकडं आले. "सर, तुम्हीच चला संगं. तिथं नाव पुकारतेत. मला ऐकू येत न्हाई."

बहिऱ्यांना नाव पुकारून बोलावतात, यात काही चुकतंय असं त्या दवाखान्यात कुणालाच वाटत नव्हतं. अर्धा दिवस मी दारात कान देऊन उभा होतो. मग मामांना काचेच्या खोलीत बसवलं. आवाज आला की बोट वर करायचं. बोट हललंच नाही. मला वाटलं, मुद्दामच वर करत नाहीत. शेवटी त्यांना झोपवून डोक्याला तारा लावल्या. मामा घोरायला लागले. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "यात सोंग चालत नाही. डावा कान पूर्ण गेलाय, उजवा नावालाच."

"मशीन बिघडलं नसेल ना?" मी विचारलं. बाईंनी माझ्याकडं असं पाहिलं की मला माझीच किळस आली.

परतीच्या बसमध्ये मामांनी यंत्र लावलं. "सर, त्या दिवशी कपाटाच्या काचेत तुम्ही दिसले. सगळे माझ्याकडंच बघून राहिले होते. म्हणून वळलो."

मी तिकिटावरचा आकडा पुन्हा तपासला.

"अन् तो अर्ज वरून अभिप्रायाला शाळेतच आला. आवक नंबर मीच टाकला त्याला." पुढं म्हणाले, "डाव्या हातानं लिहिलं तरी अक्षर लपत न्हाई, सर. पंधरा वर्षं तुमचे रजेचे अर्ज बघून राहिलो."

"मी नाही हो, मामा."

"हाव," ते म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत बसले.

त्यांनी ही गोष्ट शाळेत कुणालाही सांगितली नाही. माझा रजेचा अर्ज पूर्वीसारखाच त्याच दिवशी पुढं जायचा. त्यांनी एखादा अडवला असता तर मला बरं वाटलं असतं.

मामा निवृत्त झाले, त्या निरोपाच्या दिवशी लाउडस्पीकर ठणाणत होता. मामांनी यंत्र काढून खिशात ठेवलं होतं. सत्कार आटोपून ते जळकोटला, आपल्या गावी निघाले, तेव्हा फाटकाशी मी त्यांचा हात धरला. "मामा, तो अर्ज माझाच होता. माफ करा."

पण हे मी मान खाली घालून बोललो. माझे ओठ त्यांना दिसले नसणार. मामांनी माझा खांदा थोपटला, हसले आणि म्हणाले, "हाव."