स्टेशनापर्यंतचा फेरफटका

इतिहास घडवणारे पुष्कळ झाले, लिहिणारेही झाले; पण इतिहास लोकांच्या पायांत घालून त्यांना घाम फोडणारा माणूस एकच, आमचे थोरले साडू. यवतमाळला त्यांच्या घरी पाहुणा आला की त्याचे हातपाय धुऊन व्हायच्या आत ते छत्री उचलत, गळ्यात शिटी अडकवत आणि म्हणत, "चला, तुम्हाले इंग्रजायचं यवतमाळ दाखवतो." जुनी कचेरी, लाल कौलांचं पोस्ट, कापसाचं जिनिंग, चर्च आणि शेवटी नॅरोगेजचं बंद पडलेलं स्टेशन, एवढाच तो रस्ता. एखादी म्हैस रमतगमत निघाली तरी धारेच्या वेळेला घरी परत येईल. पण साडूंबरोबर स्टेशनापर्यंत आजवर एकही माणूस पोचला नव्हता, आणि त्यांचा सगळा जीव तर त्या स्टेशनात.

त्यांच्या इतिहासात सनावळ्या नव्हत्या. एक गोरा साहेब होता आणि त्याचा पांढरा घोडा होता. हा घोडा कचेरीसमोर ऊन लागून मेला, पोस्टाजवळ साप चावून मेला आणि जिनिंगच्या फाटकात सरकी खाऊन पोट फुगून पुन्हा मेला. "भाऊजी, एकच घोडा किती वेळा मरन?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "जनावर मोठं इमानदार होतं, भाऊ." शिटी मात्र रस्ता ओलांडण्यासाठी. वणीहून कोळसा घेऊन निघालेला एक ट्रकवाला ती ऐकून पोलीस समजून थांबला आणि कागद घेऊन खाली उतरला. साडूंनी त्याचे कागद बाजूला सारले, त्याला लिंबाच्या सावलीत उभं केलं आणि घोडा सांगितला. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. तो बिचारा जाताना पाया पडून गेला.

लोक पोचत नसत ते मात्र घोड्यामुळे नव्हे, चहामुळे. आमच्याकडे ओळखीच्या दारावरून चहा न घेता पुढे जाणं म्हणजे भांडण उकरून काढणं, आणि साडूंची तर दगडाधोंड्यांशी ओळख. प्रत्येक इमारतीसमोर कोणीतरी हाक मारायचंच, "या ना, अर्धा कप." अर्ध्या कपामागून चिवडा येई, चिवड्यामागून घरातली दुखणी. तेवढ्यात पाहुणे एकेक करून गळत. पुण्याचे एक व्याही मोठ्या जिद्दीने चर्चपर्यंत टिकले, पण तिथे चहा समोर येताच छातीला हात लावून मटकन बसले. त्यांना रिक्षात घालून घरी आणावं लागलं. साडू हळहळले, "दोन पावलं राह्यलती फक्त."

यंदा साडूंच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला. मुलगा त्यांना कायमचं नाशिकला न्यायला आला. निघायच्या आदल्या सकाळी ते खांद्याला पिशवी अडकवून छत्री टेकत आमच्या दारात उभे राहिले. "भाऊ, एकडाव स्टेशनापर्यंत चला. मंग मले काई येनं होत नाई."

निघालो. कचेरीपाशीच पानवाल्याने हाक मारली. मी म्हटलं, "आज उपास आहे." तो म्हणाला, "उपासाले चहा चालते." साडूंचे पाय सवयीने तिकडे वळले. झालं, म्हटलं, बुडाला बेत. आणि तोंडातून भलतंच निघून गेलं, "नाही हो, स्टेशनावर गाडी पकडायची आहे." त्या स्टेशनात कित्येक वर्षांत इंजिनाची शिटीही वाजलेली नाही. पण पानवाला झटकन बाजूला झाला. "मंग थांबता काहून? सुटन ना गाडी." आमच्या गावात चहाला एवढंच एक उत्तर आहे. पुढे पोस्टाजवळ, जिनिंगसमोर, चर्चपाशी मी तेच सांगत गेलो आणि एकाही माणसाला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट जिनिंगच्या चौकीदाराने साडूंची पिशवी कोपऱ्यापर्यंत पोचवून दिली आणि सांगितलं, "खिडकीजवळ बसा."

असे आम्ही एकदाचे पोचलो. फलाटावर गाजरगवत, रुळांत दोन शेळ्या. साडूंनी छत्री उंचावली, तोंड उघडलं आणि तसेच उभे राहिले.

"सांगा ना, भाऊजी."

"काय सांगू? इथवर कोणी आलंच नाही कधी. तर मी इथलं सांगणं बसवलंच नाही."

ते बाकड्याच्या उरलेल्या फळीवर टेकले, गुडघे चोळत राहिले आणि छत्री माझ्या हातात दिली. "तुम्हीच सांगा काहीतरी. उद्यापासून तुम्हालेच सांगायचं आहे."

मी घसा साफ केला. "इथे गोरा साहेब गाडीतून उतरला," मी म्हणालो. "त्याच्याबरोबर त्याचा पांढरा घोडाही उतरला. चांगला धडधाकट होता."

साडूंनी डोळे मिटून मान डोलावली. "बराबर आहे. पण आवाज मोठा ठेवा, भाऊ. मागच्याले ऐकू गेलं पाह्यजे."

मागे त्या दोन शेळ्यांशिवाय कोणी नव्हतं. मी आवाज मोठा केला.