टाकीवालीची पारख

मला सातवा महिना लागला होता आणि घरातलं सगळं पाणी ओढ्यापलीकडून, माझ्याच डोक्यावरून येत होतं. त्यामुळे मळ्यात खोदायला घेतलेल्या विहिरीकडे मी देवाकडे बघावं तशी बघत असे. कुरुंद्याच्या अलीकडे आमचं गाव, वर निजामाचं राज्य. सासरे आणि माझा नवरा मिळून खोदत होते. विहीर चार पुरुष, म्हणजे चार माणसांच्या उंचीएवढी, खोल गेली, तरी पाण्याचा पत्ता नव्हता.

एके दिवशी पहार एकदम आत गेली. कातळात पोकळी निघाली, आणि आत हिरवट, पाणीदार खडे! सासऱ्यांनी मुठीएवढा झुपका धोतरात गुंडाळून घरी आणला आणि सांगून टाकलं, पाचू आहे. झालं! सरकारला कळलं तर जमीन जप्त होईल म्हणून खोदकाम बंद, विहिरीवर काटेरी बोराट्या टाकल्या आणि पाचू ज्वारीच्या कणगीत गेला. कळमनुरीच्या सराफाला दाखवायचीसुद्धा भीती. मृग दोन आठवड्यांवर आला होता. पावसानं खड्डा भरला की वर्षभर काम बंद, म्हणजे बाळंतपणातही पाणी ओढ्यापलीकडूनच. मला असा राग आला होता की भाकरी थापताना परात दणदणायची.

त्याच आठवड्यात टाकीवाली आली. गुळगुळीत झालेली जाती छिन्नीनं पुन्हा खरबरीत करून देत ती गावोगाव फिरायची. घरात आम्ही दोघीच होतो. मी कणगीत हात घातला.

"माय, हे काय असंल?"

तिनं खडा उन्हात फिरवून पाहिला. "वाढलेली बांगडी हाय का येखादी?"

मी फुटक्या काचेच्या बांगडीचा तुकडा दिला. तिनं तो खड्यावर दाबून ओढला. खड्यावर पांढरा ओरखडा उठला.

"पाचू काचंला वरखडतो, बाई. हितं तर काचच याला वरखडून राहिली. जात्याच्या दगडात असले खडे दिसले की आमी तो दगड टाकून देतो. ठिसूळ असतो, पिठात कच येते."

"म्हंजे किंमत न्हाई?"

"खड्याला न्हाई. पर असला पोकळ दगड लागला की तिथं पाणी झिरपतं. माह्या बापानं लई विहिरी फोडल्या. काहून थांबले तुमी?"

आता हे सासऱ्यांना सांगायचं कसं? सून सासऱ्यांशी समोरून बोलत नसे. मी दाराआडून सासूबाईंना सांगायचं आणि ते तिथंच ऐकत बसलेले असले तरी सासूबाईंनी त्यांना पुन्हा सांगायचं. तसंच झालं. सासऱ्यांनी बांगडीचा तुकडा मागून घेतला आणि स्वतः ओढून पाहिला. एकदा, दोनदा, पाचदा. पाचूचं पीठ व्हायची वेळ आली.

"तिला म्हणावं, कणगीत हात घालायचं काम नव्हतं," ते सासूबाईंना म्हणाले. मग उठत, "पहार कुठं ठिवली?"

सहाव्या दिवशी त्या पोकळीच्या खालच्या अंगाला पाणी लागलं. पहिली घागर सासऱ्यांनी स्वतः खांद्यावरून आणली आणि माझ्या चुलीजवळ ठेवली. मी पदर तोंडात धरून रडले. माझ्या लेकीची पहिली आंघोळ त्याच पाण्यानं झाली. पाचू विहिरीच्या काठावर आसरांच्या, म्हणजे पाण्यातल्या देवींच्या, दगडांशेजारी जाऊन बसला.

टाकीवालीला त्या दिवशी पायलीभर ज्वारी दिली होती, ती जात्याच्या कामाची. खडा पारखल्याचं तिला काहीच दिलं नाही. पुढच्या साली देऊ म्हटलं, तर त्या साली मुलखात लुटालूट-जाळपोळ माजली आणि गावोगाव फिरणारी माणसं फिरकेनाशी झाली. ती पुन्हा आली नाही. तिचं नावही मी विचारलं नव्हतं.

अजून कुणी टाकीवाली दारात आली की मी आधी विहिरीच्या पाण्याचा तांब्या तिच्या हातात देते आणि मग तीच आहे का म्हणून तिचं तोंड बघते.