ढोलावर बोलणारा मंगळ्या

मेंढवणच्या खिंडीचा चढ लागला तसा मंगळ्या गप्प झाला. डहाणूच्या महालक्ष्मीच्या जत्रेला आम्ही बेटेगावहून चालत निघालो होतो. मंगळ्या, त्याची बायको ठकी आणि मी. चिल्हार फाट्यापर्यंत त्याचं तोंड बंद नव्हतं. समोरून येणाऱ्या प्रत्येक ट्रकवर त्याचं एक कवन तयार.

"बाई, ह्याला दम द्या जरा," ठकी म्हणाली होती. "देवीला पोचायच्या आधी सगळी हवा संपवील."

"हवा माझी हाय. तुझं काय जातं?"

"मग चढाला मला ढकल म्हणू नको."

ठकी थट्टा करत होती, पण तिची नजर त्याच्या पावलांवर होती. एके काळी हा माणूस पाठीवर दारूची ट्यूब बांधून असले चढ धावत चढायचा. त्या दिवशी दर वळणाला थांबत होता.

बेटेगावच्या बालवाडीत मी सत्त्याहत्तर साली लागले. त्याची मुलगी कमळी माझ्या पहिल्या मुलांतली. ठकी तिला सोडायला यायची. बाप कुठे असतो विचारलं की म्हणायची, "कामाला गेलाय." काम कुठलं ते मला पुढे कळलं.

मंगळ्या वाढला वीटभट्टीवर. दिवाळी झाली की त्याचा पाडा रिकामा व्हायचा, पावसाच्या तोंडाशी परत भरायचा. शाळेत कोण घालणार? बोईसर-तारापूरला कारखाने आले तेव्हा त्याला वाटलं, आता आपल्याला भट्टीवर जायला नको. काम मिळालं ते कंत्राटदाराकडे, तेही बोलावतील त्या दिवशी. बाकीचे दिवस तांब्याच्या तारेचे. कारखान्यांच्या मागच्या अंगाला भंगार पडलेलं असे, ते कुंपणाखालून ओढायचं आणि भंगारवाल्याला द्यायचं. त्याच भंगारवाल्याने त्याला पुढे गावठी वाहायला लावली. ट्रकच्या चाकाची रबरी ट्यूब दारूने भरायची, पाठीला बांधायची आणि रानातल्या वाटेने निघायचं.

"भीती नाही वाटली रे तुला?" मी एकदा विचारलं होतं.

"वाटली ना. पण पोरीनं सकाळी भाकर मागितली की त्याची जास्त वाटायची."

शेवटी पकडला गेला आणि ठाण्याच्या तुरुंगात राहून आला. येताना हिंदी शिकून आला. ठकी अजून म्हणते, "लोक शाळंत जातात, आमचे हे तिकडं गेले."

लग्नात ढोल तो लहानपणापासून वाजवायचा. सुटून आल्यावर सालवडच्या चाळीत गणपतीला त्याला कोणीतरी ढोल वाजवायला बोलावलं. चाळीत सगळे कारखान्यातले कामगार, नाना मुलखांतले. मंगळ्या ढोल वाजवता वाजवता बोलायला लागला. गाणं म्हणावं तर त्याला चाल नाही. थापेवर नुसते शब्द, एकामागून एक, श्वास न घेता.

"वीट मी भाजली, माडी तुझी झाली,
माडीच्या सावलीला माझी पोरं आली,
सावलीचं भाडं बोल किती रं शेट?
उद्या म्हणशील, वाऱ्याचाबी लाव रेट!"

चाळ शिट्ट्यांनी दणाणली. "मंगल भाई, फिर से!" करून त्याला पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. मग त्याला पालघरहून बोलावणं आलं, डहाणूहून आलं, वसईहून आलं. एक कॅसेट निघाली. टपरी-टपरीवर ती वाजायची, आणि ज्या हवालदाराने त्याला पकडलं होतं तो एका कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता. ही गोष्ट सांगताना मंगळ्या इतका हसायचा की त्याला ठसका लागे.

पण जिथे जाईल तिथे लोक त्याचा पेला भरून ठेवायचे. गाणारा आला, त्याला कोरडा कसा ठेवायचा? दारू वाहायचा तेव्हा तो फारशी पीत नसे. नाव झालं तेव्हा प्यायला लागला. पालघरला मंचावरून खाली पडला. मुंबईच्या कार्यक्रमाला ओळीच आठवेनात. बोलावणी थांबली. ठकी ढोल घेऊन माहेरी गेली, कारण तो ढोल विकायला निघाला होता. रक्ताची उलटी झाली तेव्हा तिनेच येऊन त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, दारू बंद.

त्याने ऐकलं, अगदी शब्द न् शब्द ऐकलं. सगळा हिवाळा दारूला शिवला नाही. ताडी पीत राहिला.

"डाक्टरनं दारू सांगितली," मी रागावले तेव्हा तो खरोखर गोंधळून म्हणाला. "ताडी कुठं दारू हाय? झाडाचं दूध ते."

ताडीवरून पुढच्या दिवाळीत पुन्हा दारूवर आला. माघात दुसरी उलटी झाली, तेव्हा डॉक्टर ठकीला बाजूला घेऊन म्हणाले, आता तिसरी झाली तर आणू नका. होळीपासून त्याने दोन्ही सोडलं. संध्याकाळी पाय गुत्त्याकडे वळायला लागले की बालवाडीच्या ओट्यावर येऊन बसायचा. मी तिथेच मागच्या खोलीत राहायची; मी देवाजवळ दिवा लावायची, तो बसून राहायचा. अंगाला कापरं भरायचं.

ही होळी त्र्याण्णव सालची. वैशाखात कमळीचं लग्न ठरलं होतं.

खिंडीत आंब्याखाली आम्ही टेकलो. ठकीने त्याला पाणी दिलं. पाणी पिऊन तो म्हणाला, "लग्नात ढोलावर पयली थाप मी मारणार."

ठकीचा चेहरा उतरला. त्यांच्या पाड्यात पहिली थाप मारणाऱ्याने आधी दारूचा द्रोण, ते त्याला डोणा म्हणतात, हातात घ्यायचा, दोन थेंब वाडवडिलांसाठी भुईवर सांडायचे आणि उरलेली पिऊन द्रोण उपडा ठेवायचा. द्रोण भरलेला राहिला तर वाडवडील मांडवातून उपाशी उठले, असं मानतात. मी ह्याला कधी हसले नाही. नैवेद्य आम्हीही टाकत नाही.

"दुसऱ्याला मारू दे थाप," मी म्हटलं.

"साऱ्या दुनियेच्या मांडवात मी बोललो, न् माझ्या पोरीच्या मांडवात मुका बसू?"

"मग द्रोणात नारळाचं पाणी घाल."

"वाडवडलांना फसवू? पोलिसाला फसवलं, तुमाला फसवलं, हिला तर रोज. त्यांना नाय, बाई."

"एक डोणा पिऊन मर मग!" ठकी ओरडली आणि तोंडाला पदर लावून पाठमोरी झाली.

मंगळ्याने पाण्याचं भांडं तिच्याकडे सरकवलं. मग म्हणाला, "बुधाकाकाला इचारून आलोय." बुधाकाका पाड्यातला जाणता, देवाधर्माचं त्याच्या शब्दावर चालतं. "काका बोलला, माणूस आजारी असला तर त्याचा डोणा बहिणीनं प्यावा. तिच्या पोटात गेला तो भावाचाच झाला."

"बहीण कुठाय तुला?" ठकी तशीच म्हणाली. "एक सोमी होती, ती तर भट्टीवरच मेली."

"मानलेली चालते."

ठकी गर्रकन वळली. माझ्याआधी तिला कळलं. "अरं, बाई अंडं नाय खात, न् तू त्यांना दारू पाजतोस?"

त्याने डोक्याचा रुमाल काढून हातात धरला.

"बाई," तो म्हणाला, "कमळीच्या मांडवात माझ्या शेजारी बसाल? माझ्या वाटचा डोणा तुमी प्याल?"