मामांनी सांगितलेलं वय

माझ्या बायकोच्या मामांइतका दातांवर विश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या दोडामार्ग तालुक्यात झाला नाही आणि पुन्हा होऊही नये. लोक समोरच्याच्या तोंडाकडे बघतात, मामा तोंडात बघायचे. मी जावई म्हणून पहिल्यांदा गेलो, तर चहाच्या आधी त्यांनी मला हसायला लावलं आणि बहिणीला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, सांगितलं, "पोरगो सांगता त्यापेक्षा मोठो आसा." शाळेत माझं वय कमी लावलं होतं, हे मला स्वतःलाही पुढे वडिलांकडून कळलं. गावात कुणी गाय घेतली की मामांना बोलावणं जायचं. ते तिचा खालचा ओठ ओढत, दात बघत, वय सांगत आणि विषय संपवत. "माणूस खोटा बोलात, दात बोलाचो नाय," हे त्यांचं वेदवाक्य.

मामा मुलाकडे गोव्यात राहायला गेले तेव्हा सासूबाईंनी त्यांना न विचारता एक पाडी विकत घेतली. सुपारीच्या बागेसाठी नुकतीच बोअर मारली होती. माणसं सवयीने विहिरीचंच पाणी पीत, गोठा मात्र बोअरला लागून, म्हणून गुरांना ते काचेसारखं पाणी. काही वर्षांनी मामा परतले, तोवर पाडीची गाय होऊन ती गाभण होती आणि लंगडत होती. मामांनी ओठ ओढला. दात तपकिरी, झिजून हिरडीला लागलेले. "म्हातारी आसा गो. बारीक चणीची बघून पाडी म्हणान तुझ्या गळ्यात मारल्यानी."

सासूबाईंनी तिला डोळ्यांदेखत वाढताना पाहिलं होतं. तरी भावापुढे त्यांनी स्वतःचे डोळे खोटे ठरवले. डॉक्टरांना बोलवू का, असं मी विचारलं, तर मामा म्हणाले, "म्हातारपणाक औषध नाय, जावयबापू." पेंड बंद झाली. गाय व्याली, मामांनीच स्वतःच्या हातांनी वासरू ओढून काढलं. पुढे पुढे उभं राहून चरणं तिला जमेना, गुडघे टेकून चरायची. चारा तोंडातून गळायचा. शेवटी हाडांचा सापळा होऊन ती बोअरच्या टाकीपाशीच मेली. आम्हीही म्हणालो, वय झालं होतं.

तिची पाडी वयात आली आणि लंगडू लागली. मामांनी सवयीने ओठ ओढला आणि तसेच उभे राहिले. तेच तपकिरी, झिजलेले दात. हिच्या जन्माला ते स्वतः हजर होते. ते चालत गेले आणि जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन आले. पाणी तपासायला गेलं. "बोअरच्या पाण्यात फ्लोराइड फार आहे," डॉक्टर म्हणाले. "दात आणि हाडं दोन्ही जातात. झालेलं भरून येणार नाही, पण पाणी बदला. आधीच्या गाईलाही पाणी बदलून पेंड दिली असती, तर तिने आणखी काही वर्षं काढली असती."

आता मामा विहिरीचं पाणी स्वतः शेंदतात, कोमट करतात, कारण गार पाणी तिच्या दातांना झोंबतं. पेंड भिजवून हाताने भरवतात. परवा शेजारच्या वाडीतला एकजण गोठ्यात डोकावला आणि म्हणाला, "मामानू, हिचा वय काय?"

मामा पेंड कालवत राहिले. मग म्हणाले, "माका नको इचारू. हिच्या आयशीक मीच म्हातारी केलंय."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. मी कळशी उचलली आणि पाणी आणायला गेलो.