चाकं ठरली की

हरीनाना कुठल्याही गाडीकडे उभ्याने बघत नसत. आधी बसत. माझ्या दुकानात चार चांगल्या खुर्च्या होत्या, पण त्यांना ग्रीसची रिकामी बादली लागे. ती गाडीपासून आठ-दहा पावलांवर पालथी घालायची, पँट गुडघ्यापर्यंत ओढून वर बसायचं, एक डोळा मिटायचा आणि गप्प राहायचं. पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं, माणसाला चक्कर आली. मी पाणी घेऊन धावले तर म्हणाले, "बाजूला हो गो, चाक दिसत नाय."

वडखळ नाक्याच्या अलीकडे, पेणच्या बाजूला आमचं टायरचं दुकान आहे. वडिलांनी काढलेलं, आता मी चालवते. येणारा प्रत्येक जण अजूनही मला विचारतो, "मालक कुठायत?" मी म्हणते, "तुमच्यासमोर." मग तो दोन मिनिटं माझ्या हातातल्या पान्याकडे बघत बसतो. नानांनी हा प्रश्न कधी विचारला नाही. त्यांनी नाव विचारलं, मी वंदना सांगितलं, आणि त्या दिवसापासून मी वंदी झाले.

नाना जोह्याचे मूर्तिकार. गणपतीच्या मूर्ती करणारे त्या गावात घरोघरी आहेत, पण नानांची ख्याती डोळ्यांची. मूर्तीचे डोळे रंगवायचे, म्हणजे आखणी करायची, हे सगळ्यांत शेवटचं काम. ते करायला दुसऱ्या कारखान्यांतूनही त्यांना बोलावणं यायचं. वय साठीच्या पुढे, बोटांच्या पेरांत कायम पांढरं, आणि बोलणं असं सावकाश की समोरच्याने मधल्या वेळात चहा पिऊन घ्यावा.

तर अशा माणसाकडे एक लाल, बुटकी, दोनच माणसांची, छत मागे दुमडणारी स्पोर्ट्‌स कार होती. अलिबागकडच्या एका बंगल्यात ते दर वर्षी गणपती पोचवायचे. त्या लोकांनी बंगला विकायला काढला तेव्हा आंब्याखाली ताडपत्री टाकून ठेवलेली ही गाडी नानांनी पाहिली आणि घेऊनच आले. कंपनीचं परदेशी नाव त्यांच्या जिभेवर बसत नसे. ते तिला नुसतं 'बाय' म्हणत.

त्या पहिल्या दिवशी मी बायचे टायर बघितले आणि कपाळाला हात लावला. नक्षी कोरी करकरीत, पण बाजूच्या भिंतींना बारीक भेगाच भेगा. नानांना पटेना. "न वापरलेली वस्तू खराब कशी होईल?" मी त्यांना टायरवरचे चार आकडे दाखवले. कोणत्या वर्षी, कितव्या आठवड्यात टायर बनला ते त्यावर लिहिलेलं असतं. मी म्हटलं, "चालवा नाहीतर झाकून ठेवा, पाच-सहा वर्षांत रबर म्हातारं होतं." नाना बादलीवरून उठले, जवळ येऊन त्या आकड्यांवरून अंगठा फिरवला आणि हसले. म्हणाले, "म्हणजे ह्यालाही विसर्जन हाय तर."

पुढची चूक माझी. नुसते चार टायर घालून मी त्यांना वाटेला लावायला हवं होतं. पण दुकानदाराची जीभ. मी म्हटलं, "टायर बदलताच आहात, तर रिमही बघा की. ह्या तेरा इंची लोखंडी रिम गंजल्यात. अलॉयमध्ये सुंदर सुंदर डिझाइनं आलीत." आणि कॅटलॉग त्यांच्या हातात दिला. नानांनी तो दोन्ही हातांनी घेतला, तेव्हाच मला कळायला हवं होतं. निघताना मी बजावलं, "ह्या टायरवर हायवेला जायचं नाही." ते आतल्या रस्त्याने हळूहळू बायला घरी घेऊन गेले, आणि मग चाकं ठरेनात.

दर आठ-पंधरा दिवसांनी नाना यायचे. बादली पालथी व्हायची. मी एकेक रिम भिंतीला टेकवून ठेवायची आणि ते डोळा मिटायचे. पंधरा इंची बघून म्हणाले, "ही घातली तर बाय टाचा उचलून चालल्यासारखी दिसेल." जाळीच्या डिझाइनला म्हणाले, "हे चाक जास्त बोलतंय." पाच पात्यांचं बघून मिटलेला डोळा उघडला, आणि मग, "चांगलं हाय. पण दुसऱ्या कुणाचं तरी हाय." बैठक हा त्यांचा लाडका शब्द. मूर्ती असो की मोटार, ती बसलेली दिसली पाहिजे, ठेवलेली नाही. मी त्यांना माझ्या भाषेत समजावायची की मोठी रिम घेतली तर टायर पातळ होतो, आपल्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांत रिम वाकते, मडगार्डला घासते. नाना मान हलवायचे. सगळं पटायचं त्यांना, ठरत मात्र काही नसे.

मग एकदा त्यांनी चार डिझाइनांची एकेक रिम 'नुसती बघायला' नेली आणि पंधरा दिवस परत केली नाही. मी चिडून स्कूटर काढली आणि जोह्याला गेले. दुपारची वेळ होती, भातशेतांवरून वारा येत होता, आणि कारखान्याच्या दारात मी उभीच राहिले. आत शे-दीडशे पांढऱ्याशुभ्र मूर्ती ओळीने बसलेल्या, एकीलाही अजून डोळे नाहीत. वरच्या पत्र्यातून येणारा उजेड प्लॅस्टरच्या धुळीत अडकून राहिलेला. आणि त्या सगळ्यांच्या मधोमध बाय, विटांवर चढवलेली, चार बाजूंना चार वेगवेगळी चाकं लावून. मी जवळ जाऊन हात लावला तर चाक धातूसारखं लागेना. प्लॅस्टरचं होतं. नानांनी माझ्या चारही रिमचे साचे काढले होते, ओतले होते, मुकुटाचा चंदेरी रंग दिला होता. मी भांडायला आले होते हे विसरूनच गेले. किती वेळ गेला कुणास ठाऊक, तिथे कुणी मोठ्याने बोलावं असं वाटतच नव्हतं.

नानांच्या बायकोने, सुमनकाकीने, चहा आणला. काकी रोह्याची, कुंडलिका नदीच्या काठावरचं माहेर. मला म्हणाली, "बघतेस ना गो? माझ्या लग्नात मला एवढी नटवली नव्हती." मग पदराने बायवरची धूळ पुसत म्हणाली, "मला हिच्यात बसवून रोह्याला नेणार हायत. छप्पर उघडं टाकून. चाकं ठरली की."

चाकं ठरली की. हे वाक्य मी पुढे इतक्यांदा ऐकलं की मला त्याचा राग यायला लागला. जोह्यात वर्षं गणपतींनी मोजतात. एक गणपती झाला, दुसरा झाला. नानांनी आणखी सहा चाकं ओतली. रिम बनवणाऱ्यांनी जुनी डिझाइनं बंद करून नवी काढली आणि नाना पुन्हा पहिल्यापासून बघायला बसले. मी दुकानात त्यांची नक्कल करून सगळ्यांना हसवायची. आता सांगायला लाज वाटते, पण करायची.

तिसऱ्या वर्षी, मूर्ती गावोगाव रवाना झाल्यावर, काकी एकटीच दुकानात आली. विक्रम रिक्षाने आली होती. पायरी चढताना तिने दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली. बसली, घाम पुसला आणि सरळ मुद्द्यावर आली. "वंदे, ती गाडी किती खाली हाय बघितलंस ना. तिच्यात बसायचं म्हणजे जमिनीवर बसल्यासारखं. माझे गुडघे गेले गो. गेल्या महिन्यात मी कोणी नसताना बसून बघितलं. बसले, पण उठताना अर्धा तास गेला. ह्या वर्षी जमेल. पुढल्या वर्षी काय ते सांगता येत नाय." मी म्हटलं, "मग नानांना सांगा की." ती म्हणाली, "नको. चाकं बघताना त्यांचा चेहरा कसा होतो, तुला म्हाईत हाय. तू लवकर एखादं ठरव. मी आल्याचं बोलू नकोस."

मी शब्द दिला आणि दुसऱ्याच दिवशी मोडला.

कारखाना रिकामा होता. जिथे मूर्ती होत्या तिथे जमिनीवर नुसते पांढरे चौकोन उरले होते, आणि नाना बायसमोर पाटावर बसले होते. मी नमस्कारही केला नाही. म्हटलं, "नाना, तुम्हाला चाकं निवडायचीच नाहीत. अडीच वर्षं मी मूर्खासारखी रिमा दाखवतेय. खरं काय ते सांगा."

ते रागावले नाहीत. म्हणाले, "डोळे आखले की मूर्ती जाते गो. लहानपणापासून बघतोय. सहा-सहा महिने घरात असते, तोवर आपली. डोळे उघडले की दारात टेंपो. न् मग दीड दिवस, पाच दिवस, फार तर अकरा. माझ्या हातचं एकही काम आज कुठं बघायला जाता येईल असं नाय. लोक म्हणतात, असंच असतं. असंच असतं, मी कुठं नाय म्हणतो? पण एक तरी राहावं. ही अपुरी हाय तोवर घरात हाय."

माझा राग कुठल्या कुठे गेला, पण जीभ थांबली नाही. "नाना, ही काय मूर्ती आहे? गेली तर परत येईल. हिला रिव्हर्स गिअर आहे." ते हसले. मग मी काकीच्या गुडघ्यांचं सांगून टाकलं. तिने कोणी नसताना बसून बघितलं, तेही सांगितलं. नानांचं हसू तसंच राहिलं आणि डोळे मात्र बदलले. ते पाटावरून उठले, बायचं डावं दार उघडलं आणि खाली त्या सीटकडे बघत राहिले. मी तिथून निघाले तरी ते तसेच उभे होते.

सकाळी दुकान उघडलं तर बाहेर टेंपो. त्यात बायच्या मूळच्या तेरा इंची रिमा, घासून, गंज काढून, सायीच्या रंगात रंगवलेल्या. अजून ओलसर वास येत होता. नाना म्हणाले, "जाड भिंतीचे टायर घाल. तिला धक्का बसता कामा नये." एवढंच. अलॉयकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

टायर चढवून मी एकेक चाक बॅलन्सिंगच्या मशीनवर लावलं. पहिलं झालं, काढायला गेले, तर म्हणाले, "राहू दे." खिशातून ब्रश काढला, आखणीचा, चार केसांचा. "हळू फिरव." मी हाताने चाक फिरवू लागले, आणि त्यांनी ब्रश एका जागी धरला. सायीच्या रंगावर लाल रेघ उमटत गेली, सुरुवातीला जाऊन मिळाली, आणि कुठे मिळाली ते मला शोधून सापडलं नाही. "आजवर मूर्ती थांबायची न् हात चालायचा," ते म्हणाले. तीन चाकं अशी झाली. चौथ्याला त्यांनी ब्रश उचलला आणि टेकवेनात. हात हवेतच. "हे झालं की झालं गो," असं स्वतःशीच म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा गप्प राहायचं सुचलं. मी चाक फिरवत राहिले, आणि थोड्या वेळाने त्यांनी ब्रश टेकवला.

रविवारी दोघं रोह्याला गेली. जाताना दुकानाशी थांबली नाहीत, नुसता हॉर्न ऐकू आला. संध्याकाळी परतताना थांबली. काकीच्या केसांचं पार घरटं झालेलं, कपाळावरचं कुंकू पुसलेलं, आणि चेहरा झोपेतून उठल्यासारखा. मी विचारलं, "कशी झाली सफर?" ती म्हणाली, "खिंडीत वर बघितलं तर झाडं आपल्याबरोबर चालली होती. सगळा जन्म ह्या रस्त्याने गेले-आले, पण एसटीतनं वरचं दिसतच नाय गो." नाना गाडीतून उतरलेच नाहीत. बादलीकडेही त्यांचं लक्ष गेलं नाही. बाय बाहेरून कशी दिसते, हे बघायचं त्यांनी त्या दिवसापासून सोडून दिलं.

मग काय, सवयच लागली त्यांना. नागोठणं, अलिबाग, मुरूड, कुठेही. पावसात छत लावून. कधी नुसतं रोह्याच्या पुलापर्यंत जायचं, नदी बघायची, परत. दर महिन्याला हवा तपासायला यायचे, पुढची चाकं मागे, मागची पुढे करून घ्यायचे. काकीला उतरवायची नानांनी एक पद्धत काढली होती. तिचे दोन्ही पाय आधी बाहेर, मग स्वतः समोर उभं राहून तिचे हात आपल्या खांद्यावर. रस्त्यावरचे लोक बघायचे. ह्या दोघांना त्याचं काही नसे.

असे चार गणपती गेले. चौथ्यानंतर, कारखाना रिकामा असताना, नाना दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. मी गेले होते. रडले, आणि नक्कल करायची ते आठवून जास्त रडले.

महिन्याभराने बाय दुकानाशी येऊन उभी राहिली. काकीचा धाकटा भाऊ चालवत होता, बाजूला काकी. तिने आतूनच सांगितलं, "गाडी थोडी घसरते म्हणतोय हा. बघ जरा."

मी वाकून बघितलं. नक्षी उरलीच नव्हती. चारही टायर गुळगुळीत, आतून-बाहेरून अगदी सारखे. इतकी वर्षं ह्या धंद्यात आहे, भेगा पडून मेलेले टायर पाहिलेत, एका बाजूने खाल्लेले पाहिलेत. चार टायर असे पुरते, एकसारखे वापरून संपलेले मी पाहिले नव्हते.

"संपले, काकी," मी म्हटलं.

"सगळे?"

"चारही."

ती म्हणाली, "त्याच मापाचे नवे घाल." मी म्हटलं, "थोडे महाग आहेत, पण एक जास्त टिकणारा प्रकार आलाय, तो घालू का?"

"टिकवायचे कुणाला हायत गो?" काकी म्हणाली. "आम्हाला रोह्याला जायचंय."

मी तोंड फिरवलं आणि जॅक शोधायला आत गेले. जॅक बाहेर, माझ्या पायाशीच होता.